परक्याचं बाळ

हेडबाईंनी खांदा लावून ते जाडजूड दार ढकललं आणि मागे न बघताच म्हणाल्या, "या आत. बाहेर उभ्या राहिलात तर गोठून जाल."

विहीणबाई पायरीवरच घुटमळल्या. "पण आपण गेलेलं चालेल का?"

"देवाचं घर आहे. हाकलणार थोडंच कुणी?"

वारा इतका बोचरा होता की विहीणबाईंनी पुढे वाद घातला नाही. दोघी आत शिरल्या आणि दार मागे आपोआप मिटलं.

चर्चमध्ये याआधी दोघींपैकी कुणीच पाऊल टाकलं नव्हतं, आणि आजही त्या भक्तिभावाने आल्या नव्हत्या. सकाळीच हेडबाईंच्या मुलाने आपल्या आईला आणि सासूला कोट चढवून घराबाहेर काढलं होतं. "जरा पाय मोकळे करून या," असं तो म्हणाला खरा, पण त्याच्या मनात काय आहे ते दोघींना पक्कं ठाऊक होतं. घरात दोन महिन्यांचं बाळ. सून पुढच्या आठवड्यात कामावर रुजू होणार. दोन आज्यांपैकी एकीने बाळापाशी राहायचं आणि दुसरीने परतीचं विमान धरायचं, कारण घर लहान होतं आणि त्यात माणसं फार झाली होती. कोणी राहायचं ते तुम्ही दोघीच ठरवा, असं सांगून मुलाने हात झटकले होते. बिचारा करणार तरी काय? आई आणि सासू यांच्यात निवड करायला अंगात बळ लागतं.

हेडबाईंचं मात्र ठरलेलं होतं. त्या राहणार. बाळ जन्मलं तेव्हा त्याच इथे होत्या. विहीणबाईंचा व्हिसा अडकून पडला, त्या पोहोचल्या पंधरवड्यापूर्वी, आणि तोवर बाळाची आंघोळ, मालीश, झोप असं सगळं हेडबाईंच्या हाती गेलं होतं. उभा जन्म शाळेत काढलेली बाई. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली तरी हेडबाई हे नाव काही सुटलं नाही. विहीणबाईंनी आल्या दिवशीच स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि तिथेच त्या रमल्या, असं हेडबाईंना वाटत होतं. आता विहिणीचा मान राखून तिला जा कसं म्हणायचं, एवढाच काय तो प्रश्न होता.

त्या मागच्या बाकावर टेकल्या. पुढे बरीच माणसं जमली होती, सगळी नटूनथटून. एका म्हाताऱ्या गृहस्थाने हसून पुढे या अशी खूण केली. दोघी भिडेखातर एक बाक पुढे सरकल्या. मग आणखी कुणी खूण केली. असं करता करता त्या तिसऱ्या रांगेत येऊन पोहोचल्या.

"लग्न दिसतंय," विहीणबाई कुजबुजल्या.

"मग नवरी कुठंय?"

नवरी नव्हतीच. पायाच्याही खाली लोंबणारं पांढरं झबलं घातलेलं एक बाळ होतं. त्याच्या आईने त्याला दगडी कुंडावर आडवं धरलं आणि पाद्रींनी त्याच्या डोक्यावर ओंजळीने पाणी ओतलं.

"अहो, टाळूवर!" दोघी एकदमच म्हणाल्या.

"गार असेल हो ते."

"कोमट केलं असेल. एवढी अक्कल असेलच की."

बाळाने असा काही टाहो फोडला की छतापर्यंत घुमला. पाणी कोमट नव्हतं, हे सगळ्यांना कळलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि तोंडावर हात धरून त्या हसल्या. पंधरवड्यात दोघी मिळून अशा पहिल्यांदाच हसल्या असतील.

प्रार्थना संपली आणि आपल्याकडच्या लग्नात होतो तसला घोळ इथेही झाला. आईकडच्यांना वाटलं या बापाकडच्या, बापाकडच्यांना वाटलं या आईकडच्या. किंवा कुणाला काहीच वाटलं नसेल. दोन आज्या दिसल्या आणि त्यांना गोतावळ्यात ओढलं, इतकं साधंही असेल. बाळ या हातातून त्या हातात फिरत होतं. टोपी घातलेल्या एका आजीने ते विहीणबाईंपुढे धरलं.

विहीणबाईंनी हात पुढे केले नाहीत. त्यांनी वळून हेडबाईंकडे बघितलं.

"घेऊ का?"

"मला काय विचारता? त्या देतायत ना?"

"तसं नाही, पण..." विहीणबाई अडखळल्या. "सर्दी गेली माझी. केव्हाच गेली."

हेडबाईंना आधी काही उमगेना. मग आठवलं. विहीणबाई प्रवासातून आल्या आणि दारातच त्यांना दोन शिंका आल्या. "चार दिवस बाळाला घेऊ नका हं," हेडबाईंनी बजावलं होतं, अगदी शाळेतल्या आवाजात. चार दिवस होऊन गेले. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरीला आत बोलवायचं राहून जावं, तसं झालं होतं. आणि ही बाई पंचा हातात घेऊन न्हाणीघराच्या दाराशी उभी राहायची, लांबूनच बाळाशी बोलायची. हेडबाई मनात म्हणायच्या, असतो एकेकीचा स्वभाव.

"घ्या," त्या म्हणाल्या. "घ्या हो."

विहीणबाईंनी बाळ घेतलं आणि त्या तशाच बाकावर बसल्या. बाळाच्या ओल्या डोक्याला नाक लावून कितीतरी वेळ त्यांनी मान वर केली नाही.

"जड आहे की," शेवटी त्या म्हणाल्या. "आपलंही एवढंच असेल ना?"

"आपलं जरा जास्तच आहे," हेडबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

परतीच्या वाटेवर, कोणी राहायचं हा विषय दोघींनीही काढला नाही. मुलाने दार उघडलं ते बाळाला खांद्यावर घेऊनच, आणि सवयीने आईपुढे धरलं. "आई, धर जरा याला."

हेडबाई कोटाच्या बटणांशी झटत होत्या. "हात गार आहेत माझे. त्यांच्याकडे दे."

"मग त्यांचेही गारच असतील की."

"दे म्हटलं ना!"

एवढं बोलून त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावरचे डबे एकेक करून उघडू लागल्या. बाहेरून विहीणबाईंची हाक आली, "राहू द्या, चहा मी ठेवते!"

"खबरदार उठलात तर! बसा त्याला घेऊन."

मुलगा हळूच मागे येऊन उभा राहिला. "मग, काय ठरलं?"

"माझं विमान सुटेपर्यंत चहा मी करणार," हेडबाई म्हणाल्या, "मग आहेतच त्या. तू फक्त साखर कुठंय ते सांग."