बाराव्या मशीनवरचा लॉग

"सर, आपल्या मशीनींवर बिल्डचा लॉग का ठेवत नाहीत?"

शिल्पा आणि अलीझानं पैज लावली होती, भर लॅबमध्ये विचारून दाखव म्हणून. विचारलं! नववीपर्यंत हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नव्हता. यंदा दहावीत फुटला तो असा.

रामलिंग सर हसले. "हुमा, तूच बंद केलेस ना गं? आता काय झालं?"

खरं होतं ते. आम्ही लिहिलेल्या फायली जोडून चालता प्रोग्राम तयार करतं ते बिल्ड टूल. न सांगताच ते लॉगही ठेवतं: किती वाजता काय जोडलं, कुठल्या फाइलीत, कुठल्या ओळीला अडलं. पण सर म्हणाले होते, "कचरा हाय तो. परीक्षेत तुमचं कच्चं काम कुणी बघतं का?" लातूरच्या पोरींना हे पटायला कितीसा वेळ! सातवीपासून क्लासमध्ये आम्ही उत्तरपत्रिकेवर नुसते पर्यायांचे गोल काळे करतो. मी उड्या मारत अकरा मशीनींवर लॉग बंद केले. बारावी तेव्हा दुरुस्तीला गेली होती.

काल, शुक्रवारी, आमचा सराव-परीक्षेचा प्रोग्राम चालेना. बुधवारी तो नांदेडच्या प्रदर्शनाला जाणार. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरुवारी संध्याकाळी मी बिल्ड करून बघितला. हुमाच्या प्रश्नांच्या फाइलीत अडला." नांदेडच्या यादीतून माझं नाव गेलं. मी उभी राहून सगळ्यांची माफी मागितली, तीही मनापासून. सर खोटं बोलतील असं मनातच आलं नाही. घरी जाऊन ओळ न् ओळ तपासली. चूक सापडेना. म्हणून हा प्रश्न.

"लॉग असता तर चुकीची ओळ दिसली असती, सर," अलीझा मागून म्हणाली.

"लई वकिली करून राहिल्यात तुम्ही," म्हणत सर ऑफिसात गेले.

शिल्पानं मला कोपर मारलं. "आगं, बारावी मशीन! नांदेडला तीच जाणार हाय. सरांनी बिल्ड तिच्यावरच केला असंल. तिचा लॉग तू कधी बंद केलास?"

केलाच नव्हता! उघडला. गुरुवार, पाच वाजून दहा मिनिटं. प्रश्नांची फाइल, ठीक. गुणांची फाइल, ओळ अडतीस, चूक.

गुणांची फाइल सरांनी लिहिली होती.

"आगं माय," शिल्पा एवढंच म्हणाली.

प्रिंट काढून मी ऑफिसात गेले. सरांनी कागद वाचला आणि दार लोटलं. "हे बघ हुमा, माझं नाव खराब झालं असतं. तू पोर हायस, चार दिवसांत लोक विसरले असते. तुझं नाव परत घालतो यादीत. कुणाला बोलू नकोस. आणि तो लॉग बंद करून टाक."

म्हणजे यांना माहीत होतं. मी रडत माफी मागत होते, तेव्हा हे समोर उभे राहून मान हलवत होते. मला पहिल्यांदा 'तुला जमतंय की' म्हणणारे हेच सर!

मी लॅबमध्ये परतले आणि एकेक करत अकराही मशीनींवर लॉग चालू केले.

घरी अब्बू क्लासच्या पोरांच्या शर्टांना कॉलर लावत होते, अम्मी बटणं. सगळं ऐकून अब्बूंनी शिलाई मशीन थांबवली. "बेटा, दहावीचं वर्ष हाय. सरांशी वाकडं नको. नाव मिळतंय ना परत?"

"गुपचूप मिळतंय, अब्बू."

"मग काय झालं?" अम्मी म्हणाली. "जा की नांदेडला."

"नाही अम्मी. असं गुपचूप मिळालेल्या नावावर मी नांदेडला जाणार नाही. सोमवारी हा कागद मोठ्या बाईंना देणार. मी वर्गासमोर माफी मागितली, आता सरांनीही वर्गासमोरच मागायची. तुम्ही येताय का माझ्यासोबत? नाही आलात तरी मी जाणार आहे."