झाकलेला निळा पंखा

मी एक जुना सरडा आहे. जुना म्हणजे दोन उन्हाळे पाहिलेला. तुम्हाला हसू येईल, पण मित्रांनो, आमच्या जातीत बहुतेकांच्या वाट्याला एकच उन्हाळा येतो.

कोडोली गावाच्या वरच्या अंगाला कातळाचे एक पठार आहे. तिथे मी राहतो. अंगाने लहान, पाठीने मातीच्या रंगाचा. गवतात बसलो तर तुमचा पाय पडेपर्यंत तुम्हाला दिसणार नाही. पण माझ्या गळ्याखाली कातडीची घडी आहे. ती उघडली की पंखा होतो. वर निळा, मग काळा, मग शेंदरी.

रंग काय सांगतो ते मी आधी तोंडाने शिकलो. लहान असताना रुईच्या पानावर नाकतोड्याचे एक पिवळे पिल्लू बसले होते, काळ्या-लाल ठिपक्यांचे. ते लपत नव्हते, पळत नव्हते. मी झडप घातली आणि लगेच थुंकलो. दिवसभर जीभ कडू होती. तेव्हापासून तसे ठिपके दिसले की मी वाट बदलतो. ‘लांब राहा’ एवढेच तो रंग सांगतो.

माझा पंखा वेगळे सांगतो. दुसऱ्या नराला सांगतो, हा दगड माझा. मादीला सांगतो, मी इथे आहे. आभाळातून झडप घालणाऱ्या शिक्र्याला मला काहीच सांगायचे नसते, पण त्यालाही पंखा दिसतोच. म्हणून आम्ही तो एरवी मिटून ठेवतो आणि उन्हाळ्यातच उघडतो.

गेल्या उन्हाळ्यात माझा दगड पठारावर सगळ्यात उंच होता. शेजारचा नर रोज सरकत यायचा. मी पंखा उघडला की मागे फिरायचा. खालच्या गवतात एक मादी फिरत असे. दोन दिवस ती थांबून माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी ती दगडाच्या पायथ्यापर्यंत आली.

त्याच दुपारी काठीच्या टोकाला बांधलेला दोऱ्याचा फास माझ्या मानेत पडला.

धरणाऱ्या मुलीचे नाव प्रेरणा. ती कोल्हापूरच्या एका कॉलेजात शिकत होती. तिने मला मुठीत धरले, गळ्याखालची घडी चिमटीने ओढली आणि बारीक ब्रशने निळ्यावर मातकट रंग लावू लागली. म्हशी घेऊन पठारावर आलेला कृष्णात तिथे थांबला.

“कुठलं पावणं?”

“कोल्हापूरचीच आहे, मामा. सरड्यांचा अभ्यास करते.”

“आन् रंग कशाला फासतीस त्येला?”

“निळा झाकला तर मादी याला जवळ करते का, ते बघायचंय.”

“आन् न्हाय केलं तर?”

“तर निळ्याचं काम काय ते आम्हाला कळेल.”

“तुमास्नी कळंल व्हय. पर ह्येचं काय?”

प्रेरणाने ब्रश पाण्यात बुडवला. मग मला तिने अगदी हळू दगडावर ठेवले. तिच्या हातात दुष्टपणा नव्हता, हे सांगायलाच हवे.

मी पंखा उघडला. मला वाटले तो निळाच आहे. स्वतःचा गळा स्वतःला दिसत नाही, मित्रांनो. मादीने माझ्याकडे पाहिले. गवताच्या काडीकडे पाहावे तसे. मग ती निघून गेली. शेजारचा नर सरकत आला. मी पुन्हा पंखा उघडला. तो थांबला नाही. त्याने माझा पाय चावला आणि मी दगडावरून उतरलो. दुखले असेल. आता आठवत नाही.

मादी त्याच्याकडे गेली. मी खालून, गवतातून पाहत होतो.

पुढचे काही दिवस तो माझ्या दगडावर पंखा उघडून बसायचा. ऊन लागले की निळा असा चमकायचा की मलाही तिकडे बघावेसे वाटे. एका सकाळी त्याच्यावर सावली पडली. शिक्रा आला आणि गेला. दगडावर कोणी उरले नाही.

प्रेरणा दुर्बीण धरून तशीच बसली होती. कृष्णात म्हणाला, “रंग हुता म्हनून त्यो गेला. ह्यो मातकट, म्हनून वाचला की.”

“वाचला,” ती म्हणाली. “पण मादी गेली त्याची. सगळे आपापलं बघत होते, मीच मध्ये हात घातला.”

“मग पूस की आता!”

तिने मला पुन्हा धरले आणि ओल्या कापसाने पुसत राहिली. रंग थोडा निघाला, थोडा तसाच राहिला. “दुसऱ्या कुणाला नाही लावणार,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळले नाही. कृष्णात तर म्हशींमागे गेला होता.

पुढे मी कात टाकली, तेव्हा उरलेला मातकट रंगही निघून गेला. पंखा होता तसा निळा झाला. दगडही रिकामा होता. मी वर चढलो, पंखा उघडला. तोवर पठारावरच्या माद्यांची मातीत अंडी घालून झाली होती. वर कोणी पाहिले नाही. मी रागावलो नाही, रडलोही नाही. मिटला, उघडला, मिटला. तोंडात काही नसताना सवयीने जबडा हलतो तसा पंखा हलत होता.

मित्रांनो, आम्ही तुम्हाला आवडतो, म्हणून तुम्ही आम्हाला धरता. कोणी दगड मारतो, कोणी शेपटीला दोरा बांधतो, कोणी शिकण्यासाठी हात लावतो. आवडत असू तर बसून बघा. आमचा उन्हाळा फार छोटा असतो. तुमचा एका दुपारचा खेळ त्यात मावत नाही.

या उन्हाळ्यात माझा निळा फिका पडला आहे. माद्या तरुण नरांकडे जातात, ते बरोबरच आहे. काल प्रेरणा आली होती. हातात काठी नव्हती. लांब कातळावर बसून तिने दुर्बीण लावली. मी पंखा उघडला. ती खूप वेळ बघत राहिली. हा रंग ज्या डोळ्यांसाठी होता, ते हे डोळे नव्हेत.

तरी मी तो मिटला नाही.