आडव्या इंजिनाची उभी चढण

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे, चार सिलिंडरचे. डोंगरावरच्या तामुगान गावच्या जीपनीत, म्हणजे दोन्ही बाजूंना लांब बाकडी असलेल्या आमच्याकडच्या सवारी गाडीत, मी राहतो. पण माझा जन्म जीपनीसाठी झाला नव्हता. कारखान्यात मला एका छोट्याशा गाडीच्या नाकात आडवे बसवले होते.

आडवे म्हणजे कसे, ते सांगतो. माझ्या पोटात एक दांडा सतत फिरत असतो. तो तेव्हा गाडीच्या या कुशीपासून त्या कुशीपर्यंत निजलेला असे, पुढच्या चाकांच्या कण्याला समांतर. गिअरपेटीही माझ्या शेजारीच होती. त्यामुळे माझी ताकद लगेच पुढच्या चाकांत उतरे. सगळा संसार नाकातच आटोपल्यामुळे आतल्या माणसांना ऐसपैस पाय पसरता येत. खाली पाम्पांगा प्रांताच्या सपाट रस्त्यांवर एका शिक्षिकाबाईंनी मला नऊ वर्षे वापरले. "किती गुणी गाडी आहे!" असे त्या म्हणत आणि मी फुशारून जाई.

बाई निवृत्त झाल्यावर ती गाडी तामुगानच्या अंब्रोसियोने घेतली. तो भाजीचा व्यापारी. त्याने मागची आसने काढून तिथे कोबीच्या गोण्या रचल्या. झाले, माझे दिवस फिरले! चढणीवर सगळे वजन मागे झुके, पुढची चाके हलकी होत आणि ओल्या खडीवर जागच्या जागी गरगरत. "इंजिन नुसतंच बोंबलतंय!" लोक हसत. ताकद माझ्यात होती हो, पण ती जमिनीला लागतच नव्हती. एकदा गाडी मागे घसरून खडकावर आदळली आणि तिचा सांगाडा वाकला. अंब्रोसियोने मला गाडीतून काढून खुराड्यामागे टाकून दिले. दोन वर्षे माझ्यावर कोंबड्या बसत होत्या.

त्याच काळात गावाने एक मोठे काम हाती घेतले होते. ओढ्याचे पाणी वळवून त्यावर वीज करायची आणि त्या विजेवर भात सडायची गिरणी चालवायची. गावात बायका रोज पहाटेपासून मुसळाने भात कांडत. चर खणून झाला होता, गिरणीही आली होती. पाचशे किलोचा जनरेटर मात्र खाली हमरस्त्यावर अडकला होता. अरुंद वाट पाहून भाड्याचे ट्रकवाले माघारी गेले. गावच्या जीपनीचे इंजिन तर कधीच फुटले होते. आणि दहा-बारा दिवसांत पाऊस लागला की वाट चार महिने बंद होणार होती.

तेव्हा फेलिसा माझ्याकडे आली. गावातले पंप आणि मोटारसायकली तीच दुरुस्त करी. तिचा थोरला भाऊ बान्तास जीपनी चालवायचा. तो खुराड्याशी उभा राहून हसू लागला.

"अदिंग, अंडी वेचायला आलीस का इंजिन?" धाकट्या भावंडाला आमच्याकडे अदिंग म्हणतात आणि थोरल्या भावाला मनोंग.

"हस, मनोंग, हस. तूच चालवणार आहेस हे."

"हे? हे तर कोबी ओढताना रडायचं!"

"रडायची ती पुढची चाकं. आईच्या मागावर आडवा धागा असतो ना, तसं याला बसवलं होतं. मी याला उभ्या धाग्यासारखं लावणार, गाडीच्या लांबीत. मागे गिअरपेटी, तिच्यामागे लांब दांडा, म्हणजे ताकद थेट मागच्या चाकांना. मग मागे जेवढं ओझं, तेवढी चाकं जमीन धरतील."

"आणि नाही धरली तर?"

"तर दरीत जाईपर्यंत भांडू."

सात दिवस ती माझ्याशी झटली. मला पाव फिरकी वळवून जीपनीच्या नाकात बसवले. माझ्या जातीला साजेशी दुसरी गिअरपेटी भंगारातून आणली. माझ्या पोटाखालची तेलाची टाकी पुढच्या कण्याला घासू लागली, म्हणून ती बदलली. माझी पाठ पत्र्याला टेकत होती, तर हातोड्याने तिथे खळगा केला. पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा मलाच नवल वाटले. पूर्वी मी गचका दिला की गाडी पुढेमागे डुले, आता ती डावी-उजवीकडे डुलली.

आठव्या दिवशी सकाळी आम्ही हमरस्त्यावर उतरलो आणि जनरेटर बरोबर मागच्या कण्यावर ठेवून बांधला. बान्तास स्टिअरिंगशी बसला, फेलिसा त्याच्या शेजारी. गावकरी लाकडी ठोकळे घेऊन मागून चालू लागले. अर्धी चढण गेली. सर्वांत उभ्या वळणावर मात्र क्लच जळाल्याचा वास आला आणि मी बंद पडलो. जीपनी वीतभर मागे सरकली. लोकांनी धावत चाकांमागे ठोकळे सारले.

"संपलं, अदिंग," बान्तास म्हणाला. "इथून उभ्या जागी नाही उचलणार हे."

"उचलेल. आधी गार होऊ दे. घाई केलीस तर तुलाच खाली उतरवीन."

अर्धा तास मी गार होत राहिलो. मग किल्ली फिरली. पहिला गिअर. बान्तासने हळूहळू क्लचवरचा पाय सोडला. मी जीव एकवटून दांडा फिरवला. ताकद माझ्या पाठीतून निघाली, जमिनीखालून जावी तशी गाडीखालून धावत मागच्या कण्यापाशी वळली आणि चाकांत उतरली. वरून पाचशे किलोंचा भार दाबत होता. चाकांनी खडी चावली! एकदाही न गरगरता आम्ही वळण पार केले. मागून आरोळी उठली. वर पोहोचलो तेव्हा घंटेसारखी पितळी वाद्ये घुमत होती आणि बान्तास बहिणीला खांद्यावर घेऊन नाचत होता.

पाऊस लागण्याआधीच गिरणी सुरू झाली. साठ वर्षे भात कांडलेल्या अपो कमिला, म्हणजे कमिला आजी, त्या दिवशी गिरणीतून निघालेले तांदूळ ओंजळीत घेऊन बसल्या.

"आता या हातांनी मी काय करू गं?" त्यांनी विचारले.

"टाळ्या वाजवा, अपो!" फेलिसा म्हणाली. आणि त्यांनी खरेच वाजवल्या.

मित्रांनो, फेलिसा दर रविवारी माझे तेल पाहते, पाणी भरते, सैल झालेले बोल्ट आवळते. म्हणून आजही मी ती चढण ताठ मानेने चढतो. तुमच्या घरीही एखादे यंत्र कोपऱ्यात गप्प पडले असेल. त्याला भंगारात घालू नका. धूळ पुसा, तेल द्या, आणि आधी एवढे पाहा की त्याचे तोंड आपण चुकीच्या दिशेला तर केले नाही ना.