दाजींनी अंगठ्यात अडकवलेला शर्ट

रिया, आधी तो मोबाईल खाली ठेव, नाहीतर मी सांगणारच नाही. आणि दिव्याला आपलं मालवणी कळत नाही, म्हणून सगळं साध्या मराठीत सांगते, दाजींचं बोलणं सोडून. ते मराठीत सांगितलं तर मजाच जाईल.

तर वास्कोला त्या कस्टम एजंटच्या ऑफिसात मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं ना? परदेशातून माल आला की सरकारी यादीत तो नेमका कुठल्या नंबरात बसतो ते ठरवायचं, हे आमचं काम. तीन महिने संपत आले आणि शुक्रवारी सुदेश सरांनी पहिल्यांदाच एक अख्खी फाईल माझ्या हातात दिली. म्हणाले, सोमवारी नंबर तू सांगायचा. बरोबर आला तर कायम, नाहीतर परत मालवण.

माल काय, तर विणीचे टी-शर्ट, कॉलरवाले, पुढे दोन बटणं. सोपं वाटतं ना? सोपं कसलं. नियम असा, की दहा सेंटिमीटरच्या चौकोनात टाके मोजायचे, उभे आणि आडवे. सेंटिमीटरला दहा तरी भरले तर तो शर्ट. कमी भरले तर शर्ट नाहीच, जर्सीच्या नंबरात. कॉलर असो नाहीतर नसो.

नमुन्याचा एक शर्ट घेऊन मी शनिवारी घरी आले. पडवीत भिंग घेऊन बसले. चाळीसपर्यंत पोचले की आई विचारणार, चहा टाकू काय? की परत एकपासून. असं चार वेळा झालं. मग म्हटलं, घरात दाजी असताना मी कशाला डोळे फोडतेय? दाजी म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ गो दिव्या. चाळीस वर्षं जाळी विणतायत. जाळ्याचा एकेक डोळा गप्पा मारता मारता मोजतात आणि कधी चुकत नाहीत.

दाजींनी शर्ट जाळं बघावं तसा उलटसुलट करून बघितला. "हेच्यात खंयचो मासो गावतलो?" म्हणाले. मग नेहमीसारखे पाय पसरून बसले, शर्टाची खालची कड पायाच्या अंगठ्यात अडकवली, वरची हातात धरून चांगली ताणली आणि सुईच्या टोकानं मोजायला लागले. मी पट्टी धरून. आधी उभं, मग फिरवून आडवं. दहा सेंटिमीटरला ब्याण्णव आणि नव्वद, म्हणजे शंभराच्या आतच. मला काहीच वावगं वाटलं नाही, शपथ. आमच्याकडे विणलेली वस्तू ताणल्याशिवाय मोजतच नाहीत. सैल जाळं मोजलं तर अख्खी वाडी हसेल.

सोमवारी मी ऐटीत सांगितलं, जर्सी. सरांनी शर्ट टेबलावर पसरला, भिंग लावलं, स्वतः मोजलं. सत्त्याण्णव. बरोबर आहे, म्हणाले. झालं, मी कायम. सरांनी कागद भरायला कॉम्प्युटरसुद्धा उघडला. आणि शर्टाची घडी घालता घालता माझं लक्ष खालच्या कडेला गेलं. तिथे एक फुगा आला होता. बरोबर अंगठ्याएवढा.

तो शर्ट कंपनीनं पाठवलेला राहिलाच नव्हता. दाजींनी ताणला तो परत आवळलाच नव्हता. गप्प बसले असते तर कोणाला कळतंय, मोजलं तर सरांनीच होतं. पण कस्टमवाले कंटेनर उघडून दुसराच शर्ट काढणार, आणि त्याला काय दाजींचा अंगठा लागलाय? माल अडकणार, वर कागदावर सही सरांची.

सांगून टाकलं. "सर, हा शर्ट आमच्या दाजींनी पायाच्या अंगठ्यात अडकवून मोजलाय."

सरांनी चष्मा काढला. शर्टाकडे बघितलं, मग का कोण जाणे, माझ्या पायांकडे.

"ताणून?"

"ताणून."

सर उठले. कपाटातून दुसरा नमुना काढला, सीलबंद, तो टेबलावर अलगद पसरला आणि मला म्हणाले, आता तू मोज, ओढायचा नाही. एकशे बारा आणि एकशे आठ. शर्ट. चांगला सरळ, साधा शर्ट.

माल दोन दिवसांत सुटला. खिडकीजवळचं टेबल सरांनी मला दिलं, अट एकच: नमुना घरी न्यायचा नाही.

फुगा आलेला शर्ट दाजींना भेट. तोच घालून बसतात हल्ली जाळी विणायला. काल त्यांना मी सगळं सांगितलं, एकशे बारासकट. त्यांनी हातातली सुईसुद्धा थांबवली नाही.

"तुझ्या सायबाक सांग," म्हणाले, "माझी मोजणी चुकाक नाय. कापडच ढिला आसा."