झिपरू खारीचा मुका रविवार

मी एक जुना, फुगीर पाठीचा रंगीत टीव्ही आहे आणि माझा एका खारीवर राग आहे. मित्रांनो, आत्मवृत्ताची सुरुवात रागाने करू नये, हे मला कळते. पण ती खार तुम्ही पाहिलेली नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट पिंपरीत, संत तुकाराम नगरात, ज्ञानदेवांच्या घरी आलो. त्यांच्या पत्नी सोजरबाईंनी माझ्यावर विणलेला रुमाल घातला. प्रितम आणि मैत्री ही भावंडे माझ्यासमोर मांडी घालून बसली. शेजारी येत आणि माझ्या आवाजाचे कौतुक करत. स्पीकर होताच तसा.

मग दर रविवारी सकाळी 'झिपरू' नावाचे कार्टून लागू लागले. झिपरू म्हणजे ही खार. ती ओढ्यावर काटक्यांचा पूल बांधी, कावळा येऊन त्यावर बसे, पूल पडे. पुढच्या रविवारी पुन्हा पूल, पुन्हा कावळा. एवढ्या कर्तबगारीवर ती अमर झाली. मी बातम्या दाखवल्या, निवडणुका दाखवल्या, विश्वचषक दाखवला. मला कोण विचारतो?

आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. रविवारी सकाळी ज्ञानदेव रात्रभरची थर्ड शिफ्ट करून येत, माझ्याकडे पाठ करून खाटेवर आडवे होत आणि चादर डोक्यावर ओढत. लगेच सोजरबाई माझा आवाज पार बंद करत. ज्या आवाजाचे कौतुक, त्यालाच कुलूप!

मुलांनी मग स्वतःच कुजबुजत बोलायला सुरुवात केली. मैत्री खार, प्रितम कावळा. ज्ञानदेव जेवताना आपल्या सुपरवायझरची गाऱ्हाणी सांगत; ती सगळी कावळ्याच्या चोचीत गेली. कावळा साहेब झाला, खार कामगार झाली. तेवढ्यात खाटेवरची चादर थरथरू लागे. मला वाटे, माणसाला हिवताप आहे.

वर्षे गेली. भिंतीवर चपटा टीव्ही आला, मी कोपऱ्यात गेलो. आता तर सुरूही होत नाही. परवाच्या गुरुवारी प्रितमने भंगारवाल्याला बोलावले. लेकीला घेऊन माहेरी आलेली मैत्री आडवी आली.

"दादा, यावर झिपरू बघितलाय आपण."

"झिपरू आता मोबाइलवर मिळतो. हा डबा कशाला?"

दोघे कडाकडा भांडले. माझी बाजू घेणारीही खारीच्या नावाने भांडत होती, हे लक्षात घ्या. सोजरबाईंनी दारात उभ्या भंगारवाल्याला चहा दिला. ज्ञानदेव नेहमीसारखे माझ्याकडे पाठ करून खाटेवर पडलेले.

प्रितमने मोबाइल माझ्या काचेला टेकवला आणि झिपरू लावला, आवाजासकट. भावंडांनी तो आवाज जन्मात पहिल्यांदाच ऐकला. खार पिपाणीसारखी किंचाळत होती आणि कावळा चक्क गाणे म्हणत होता. मैत्रीची लेक जांभई देऊन उठली. मला फार बरे वाटले.

"हा आपला झिपरू न्हाईच," प्रितम म्हणाला. त्याने आवाज बंद केला. पडद्यावर कावळा येऊन बसला. प्रितमने तोंड उघडले आणि तसेच मिटले. त्याला वाक्य आठवेना. भंगारवाल्याने कप खाली ठेवला आणि मला उचलायला वाकला.

तेव्हा खाटेवरून, तोंड न वळवता, ज्ञानदेव घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काय रे झिपरू, कार्ड पंच केलंस का?"

मैत्रीच्या तोंडून आपसूक निघाले, "साहेब, पूलच पडला. आता घरी जाऊ का?"

लेक परत येऊन बसली.

"पप्पा, तुम्ही तर झोपलेले असायचात," प्रितम म्हणाला.

"झोपतोय कसला? माझ्याच साहेबाची नक्कल. हसू दाबून बरगड्या दुखायच्या."

"मग आवाज वाढवा, असं का नाही म्हणालात?"

"मग ती खार बोलली असती, अन् तुमी गप बसला असता."

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. तेव्हापासून मी नातीच्या मोबाइलचा टेकू आहे. तिला झिपरू असाच लागतो: मुका, माझ्या काचेला टेकलेला, आणि कावळ्याचे बोलणे आजोबांकडून.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसत जा, त्यांना भंगारात देऊ नका. आणि कोणी चादर ओढून पडले असेल, तर आपले बोलणे थांबवू नका. बाकी खारीला मी माफ केलेले नाही. रोज माझ्याच काचेला टेकून पूल बांधते, मेली.