दारापुढचं मडकं

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात दुपारी जरा डोळा लागला, की मला जमिनीखालचं पाणी दिसायचं. मडक्याच्या बुडातून वातीवाटे थेंबथेंब उतरणारं, गार. आणि त्याच्याकडे हळूहळू सरकणारी पांढरी मुळं. जाग आली, की बाहेर साताऱ्याचं रखरखीत ऊन आणि समोर अजिंक्यतारा, इतका फिका की फुंकर मारली तर उडेल.

आमच्या वसाहतीच्या रस्त्याकडेला मी कडुनिंब लावले होते. नळाला पाणी दिवसाआड, त्यात झाडांना कोण घालणार? म्हणून कुंभाराकडून मडकी आणली, बुडाला भोक पाडून चिंधीची वात ओवली आणि प्रत्येक रोपाशेजारी एकेक मडकं गळ्यापर्यंत पुरलं. एकदा भरून झाकलं, की झाड कितीतरी दिवस आपलं आपण पीत बसतं. पण वसाहतीचे चेअरमन लालासाहेब म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांना रस्ता कवायतीच्या मैदानासारखा हवा. ओळीतलं एक जरी झाड वाळलं, तर पावसाआधी सगळीकडे फरशी, असं त्यांनी मला बजावलं होतं. माझा सगळा जीव त्या ओळीत अडकला होता.

आणि नेमकं त्यांच्याच दारापुढचं मडकं त्यांच्या बायकोनं, शालूबाईंनी, उपटून गटाराकडेला ठेवलं. भोकाचं मडकं मयताला लागतं, दारात नाही, असं त्यांचं म्हणणं. माझं डोकंच फिरलं. मी तावातावानं बरंच शास्त्र सांगितलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, की मरण एकदा घरात येऊन गेलंय, त्याला पुन्हा खूण कशाला दाखवायची. त्यांचा मुलगा पृथ्वीराज फौजेत होता. सीमेवर बर्फाचा कडा कोसळला, त्याखाली गेला. घरी फक्त त्याची ट्रंक आली, देह सापडलाच नाही.

त्यांच्या दारापुढचं रोप सुकायला लागलं. मी वरून कळशी ओतायचे, ती ऊनच पिऊन टाकायचं. स्वप्नातसुद्धा त्या एका दारापुढची मुळं अंधारात चाचपडत फिरायची. मला रडू यायचं, आणि झाडासाठी रडतेय म्हणून स्वतःचाच रागही यायचा.

अक्षय तृतीयेच्या सकाळी शालूबाई माझ्या दारात उभ्या. हातात कोरं मडकं. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं पाण्याचं मडकं दान करतात. मला वाटलं, गुरुजींच्या घरी निघाल्या असतील आणि वाटेत थांबल्या.

“ह्याला भोक पाड,” त्या म्हणाल्या.

“काकू, तुम्हीच म्हणाला होता, ते मयताचं—”

“व्हय, मयताचंच हाय. माझ्या पोराचं मडकं कुनी फिरवलंच न्हाई गं. रोज सपनात येतो आन् पानी मागतो.”

मी खिळ्यानं भोक पाडलं. मागून सुभेदार आले. फरशीवाल्याला येऊ नको म्हणून निरोप धाडलाय, असं माझ्याकडे न बघता म्हणाले. मग त्यांनी मडकं पाण्यानं भरून खांद्यावर घेतलं आणि त्या वाळत चाललेल्या रोपाभोवती फिरू लागले. पाण्याची धार त्यांच्या पाठीवरून खाली उतरत होती. गल्लीतली माणसं जागच्या जागी थांबली.

तिसऱ्या फेरीनंतर मडकं पाठीमागं सोडून द्यायचं असतं आणि वळून बघायचं नसतं. सुभेदार उभे राहिले. हात काही सुटेनात.

“आवं, टाकू नगा,” शालूबाई म्हणाल्या. “हितं द्या.”

त्यांनी पदराची किनार फाडून वात ओवली. आम्ही तिघांनी मिळून ते मडकं रोपाशेजारी पुरलं, गळ्यापर्यंत माती लोटली. शालूबाईंनी कळशी कलती केली. मडकं भरत आलं, तशा त्या तोंडाशी वाकल्या.

“पी रं बाळा,” त्या म्हणाल्या. “सावकाश पी.”