दंडावरची माझी जागा

मित्रांनो, मी रक्तदाब मोजायचं जुनं यंत्र आहे. पत्र्याची पेटी, काचेच्या नळीत पारा, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायला रबरी फुगा, एवढाच माझा संसार. तयार झालो तेव्हा वाटलं होतं, मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर बसेन. नेमणूक झाली इंदापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात, मेघना सिस्टरांच्या पिशवीत, लसीच्या डब्याशेजारी. डब्याला बर्फ मिळायचा. मला धक्के.

स्वभावानं मी जळका. स्टेथोस्कोप सिस्टरांच्या गळ्यात मिरवायचा, तेही मला खुपायचं. पण खरा जळफळाट झाला तो १९९४ साली, राजेश्वरीच्या डोहाळजेवणात.

राजेश्वरी ही कौसल्याबाईंची सून. तिसऱ्या महिन्यात ती उपकेंद्रात आली, तेव्हा पारा शहाण्यासारखा वागला. पुढं ती आलीच नाही. सिस्टरांनी निरोप धाडला की सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, "दुखत न्हाय, खुपत न्हाय, मग दवाखाना कशापायी?" मग पोरीच्या पायांवर, तोंडावर सूज आली. घरात आनंद झाला, सून अंगानं भरली! आदल्या साली शेजारच्या वस्तीवरची एक बाई अशीच भरली होती. झटके येऊन ती गेली, पोटातलं बाळही गेलं. तिचा दंड मला कधी मिळालाच नाही.

सातव्या महिन्यात सिस्टर स्वतःच घरी गेल्या, तर दारात मांडव. राजेश्वरी फुलांच्या झोपाळ्यात, आणि समोर खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला सोपान. सगळी वस्ती त्या कॅमेऱ्याकडे बघून केस सारखे करत होती. माझ्याकडे बघून आजवर कुणी केस सारखे केलेले नाहीत. वर तिच्या दंडावर, अगदी माझ्या जागेवर, मोगऱ्याचा बाजूबंद!

"वहिनी, हसा की जरा!" सोपान ओरडला.

"डोकं लई ठणकतंय," राजेश्वरी म्हणाली. "डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात."

"त्या शूटिंगच्या हॅलोजन दिव्यामुळं आसंल," कौसल्याबाई म्हणाल्या.

सिस्टरांनी पेटी उघडली आणि बाजूबंदाची गाठ सोडायला घेतली.

"आवं सिस्टर, फुलं चुरगळत्याल! शूटिंग झाल्यावर बघा की," कौसल्याबाई आडव्या आल्या.

"मावशी, शूटिंग थांबंल. हे थांबायचं न्हाय."

बाजूबंद खाली पडला. मला फार बरं वाटलं. पण पारा चढायला लागला आणि थांबेचना, तेव्हा माझाच आनंद आटला. सिस्टरांनी पुन्हा मोजलं. मग तिच्या नवऱ्याला म्हणाल्या, "युवराज, जीप काढा. बारामतीला. आत्ता."

"ओटी तरी भरू द्या!"

"वाटंत भरा."

बारामतीच्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली, सलाईन झालं, आणि माझ्या तिथल्या भाऊबंदाचा पट्टा सारखा दंडावर. काही आठवड्यांनी मुलगी झाली. वेळेआधीची, ओंजळीएवढी, पण रडली खणखणीत. आईही वाचली.

बारशाला कॅसेट लावली. झोपाळा दिसला, फुलं दिसली, जीप निघालेली दिसली. मी कुठंच नाही. "तेवढं कापलं," सोपान म्हणाला, "वंगाळ दिसत व्हतं." बायकांनी नरसिंहपूरच्या देवाला हात जोडले आणि युवराजरावांनी जीप कशी पळवली ते एकमेकींना सांगितलं.

मित्रांनो, श्रेय देवाला द्या, जीपला द्या, माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती माझ्यापाशी राहू दे. फक्त तुमच्या घरात कुणी पोटुशी असेल, तर तिला दर महिन्याला पाठवा, काही दुखत नसतानाही पाठवा. कारण उशीर झाला, की मला नुसतं मोजता येतं.